वडिलांचे आठ क्विंटल, काकांचे अडीच आणि मंडळाचे पाच

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू लातूर जिल्ह्यातली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. तुमच्या शेतात सोयाबीन एकरी ८ क्विंटल झालं, शेजारच्या काकांना अडीचच. महसूल मंडळाची, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या मिळून केलेल्या गटाची, सरासरी मात्र एकरी जेमतेम ५ क्विंटल निघाली. वडील म्हणतात आकडा कमी दाखवला, काका म्हणतात वाढवून दाखवला म्हणून विमा बसला नाही. दहा ठिकाणी कापून हजारो शेतांचा आकडा काढतात तरी कसा, हा तुझा पहिला प्रश्न. कॉलेजच्या प्रकल्पासाठी गावातल्या ३० शेतकऱ्यांकडून माहिती कशी गोळा करायची, हा दुसरा.

मी २६ वर्षं कृषी सांख्यिकीच्या कामात काढली. त्यातले सुरुवातीचे कितीतरी हंगाम टेप, दोरी आणि खुंट्या घेऊन शेतातच गेले. म्हणून पाठ्यपुस्तकाचा क्रम सोडून शेतापासूनच सुरू करते.

तिन्ही आकडे खरे असू शकतात. ते तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत, एवढंच. आकडा हातात आला की तो कशाचा आहे हे आधी विचारायचं. ज्या सगळ्यांबद्दल आपल्याला बोलायचं असतं ती 'समष्टी'. त्यातला जो भाग आपण प्रत्यक्ष मोजतो तो 'नमुना'. पीक कापणीत, म्हणजे निवडक तुकड्यांतलं पीक कापून-तोलून उत्पादन काढण्याच्या प्रयोगात, समष्टी कोणती? मंडळातले शेतकरी, असं बहुतेक जण सांगतील. तसं नाही. त्या हंगामात मंडळात सोयाबीनखाली असलेली जमीन, ती समष्टी. तुझ्या प्रकल्पात मात्र समष्टी शेतकऱ्यांची आहे. हा फरक मनात ठेव, पुढे तो सरासरी काढताना आडवा येणार आहे.

एखाद्या भागात एकूण किती सोयाबीन पिकलं हे काढायला दोन आकडे लागतात: पेरणीचं क्षेत्र आणि हेक्टरी उत्पादन. क्षेत्रासाठी नमुना घेत नाहीत, गट नंबरागणिक नोंद करतात. सातबाऱ्यावरची पीक पाहणी म्हणजे तीच. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकरी ती स्वतः मोबाइलवरून ई-पीक पाहणीत भरतात. एकही घटक न सोडता मोजणं म्हणजे 'गणना', जशी जनगणना. उत्पादन असं प्रत्येक शेतात जाऊन कापून, मळून, तोलून बघणं शक्यच नाही, तिथे नमुना घ्यावा लागतो. गणनेत नमुन्याची चूक नसते, म्हणून ती बिनचूक असते असं मात्र समजू नकोस. बांधावर न जाता गेल्या वर्षीचंच पीक पुन्हा लिहिलं, तर हजार नोंदी असूनही आकडा चुकलेलाच.

आता कापणी. आधी गावं निवडतात, मग गावातले गट नंबर, मग त्या शेतातली नेमकी जागा, आणि हे सगळं यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारख्या, कुणाच्या मर्जीने न ठरलेल्या संख्यांनी. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. लांबीच्या बाजूने किती पावलं आणि रुंदीच्या बाजूने किती, हे संख्याच सांगतात. तेवढी पावलं चालून जिथे पोचू तिथे पहिली खुंटी. तिथून पीक आणि राज्याच्या पद्धतीप्रमाणे ५ बाय ५ किंवा १० बाय ५ मीटरचा चौकोन आखायचा, काटकोन तपासायचा, दोरी ताणायची. आतलं सगळं कापायचं, तिथेच मळायचं, उफणायचं, तोलायचं. शेतातलं ओलं धान्य वाळल्यावर किती भरतं हे बघायला त्यातला थोडा नमुना वेगळा वाळवतात.

या कामात सगळ्यात अवघड काय, तर स्वतःची नजर बाजूला ठेवणं. माझ्या दुसऱ्याच हंगामात पावलं मोजत गेले ती पाणी साचलेल्या सखल तुकड्यात पोचले. सोयाबीन पिवळं पडून झडलेलं होतं. चार पावलांवर गुडघाभर उंच, शेंगांनी लगडलेलं पीक. मला मनापासून वाटलं की हा तुकडा या शेताचं प्रतिनिधित्व करत नाही, आणि मी खुंटी सरकवली. माझ्या वरिष्ठांनी नोंदवहीतली पावलं आणि खुंटीची जागा ताडून बघितली, ती जुळली नाही. तो प्रयोग त्यांनी रद्द केला. ते म्हणाले, "या शेतात सखल तुकडा आहे ना? मग तोही मंडळातच आहे." मंडळात जितका भाग पाण्याखाली गेला असेल, साधारण तितक्या वेळा खुंटी पाण्यात पडायलाच हवी. प्रत्येक वेळी कुणीतरी समजूतदारपणे ती चार पावलं सरकवली, तर मंडळात पाणी साचलंच नव्हतं असा आकडा तयार होतो. उलट बाजूनेही हेच घडतं. शेतकरी गळ घालतात, "ताई, तिकडे घ्या, तिकडे काहीच आलं नाही." त्यांचं दुःख खरं असतं, तरीही खुंटी हलवायची नाही. तराजू नंतर येतो, आकडा मात्र जागा निवडतानाच बरा-वाईट ठरलेला असतो.

'यादृच्छिक' म्हणजे वाटेल तसं, असा अनेकांचा समज आहे. अर्थ त्याच्या उलट आहे. प्रत्येक तुकड्याला निवडलं जाण्याची आधी ठरलेली, माहीत असलेली संधी मिळते, आणि निवडणाऱ्याच्या इच्छेला वाव उरत नाही. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे लागू पडत नाही, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजतो. शेत तसं शिजत नाही. चढ आहे, उतार आहे, विहिरीजवळचा पट्टा आहे, बांधाच्या झाडाची सावली आहे.

पूर्वी हे सगळं नजरेने होत असे. उत्तम पीक म्हणजे १६ आणे धरायचं आणि यंदा किती आणे ते बघून सांगायचं, म्हणून 'आणेवारी'. तिचीच पुढे 'पैसेवारी' झाली आणि ५० पैशांच्या आत की बाहेर, हा शब्दप्रयोग दुष्काळाच्या चर्चेत आजही ऐकू येतो. जाणत्या माणसाची नजर तीक्ष्ण असते, हे मी नाकारत नाही. पण ती किती चुकते हे काढता येत नाही. यादृच्छिक नमुनाही चुकतो, पण साधारण किती चुकू शकतो हे त्याच नमुन्यातून काढता येतं. माझ्या मते या शास्त्राने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

भारतात हा बदल शेतातूनच झाला. जे. ए. हबॅक या अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ दरम्यान बिहार आणि ओरिसात भाताच्या यादृच्छिक कापण्या केल्या. कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभारणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये ज्यूटचं सर्वेक्षण केलं. आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, फर्ग्युसनमध्ये आणि मग लंडनला शिकून आलेले, त्यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीची पद्धत देशपातळीवर बसवायला मोठा हातभार लावला. महालनोबिस यांच्या पद्धतीत कापणीचा तुकडा अगदी लहान असे, कारण लहान तुकडे जास्त ठिकाणी घेता येतात. सुखात्म्यांनी १९४६-४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखवलं की फार लहान तुकड्यांतून उत्पादन पद्धतशीरपणे जास्त दिसतं.

का, हे तू स्वतः कागदावर करून बघ. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर? नियम असा की बुंधा आत असेल तरच आत. पण कापणाऱ्याचा हात नकळत झाड आत ओढतो. समजा, चारही बाजूंनी फक्त ५ सेंटिमीटरची झाडं जादा आत आली. १० बाय ५ चा तुकडा प्रत्यक्षात १०.१ बाय ५.१ झाला, म्हणजे क्षेत्र ३ टक्के वाढलं. ५ बाय ५ चा ५.१ बाय ५.१ झाला, वाढ ४ टक्के. २ बाय २ मध्ये हीच वाढ १०.२५ टक्के होते आणि १ बाय १ मध्ये तब्बल २१ टक्के. तुकडा लहान होतो तसं क्षेत्राच्या मानाने कडेचं प्रमाण वाढतं, आणि चूक कडेवरच होते. शिवाय ही चूक एकाच दिशेची आहे. असे दहा हजार तुकडे घेतले तरी ती कमी होत नाही. चुकांच्या दोन जाती इथे दिसतात. योगायोगाने कधी वर, कधी खाली जाणारी चूक नमुना वाढवला की आटते. एका बाजूला कललेली चूक, जिला 'अभिनती' म्हणतात, ती नमुना कितीही वाढवला तरी तिथेच राहते.

आता तुझ्या मंडळाकडे येऊ. विम्यासाठी महसूल मंडळ हा घटक असेल तर मुख्य पिकाचे किमान १० प्रयोग घेतात. (काही पिकांत आता उपग्रहाच्या माहितीचाही भार मिसळतात, पण पाया कापणीचाच.) समजा, १० बाय ५ मीटरच्या दहा तुकड्यांत वाळलेलं सोयाबीन किलोमध्ये असं भरलं: ३.१, ४.०, ४.६, ५.२, ५.५, ५.९, ६.४, ७.०, ८.३, १०.०. हे आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत. बेरीज ६०, म्हणून सरासरी ६ किलो. तुकडा ५० चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा २०० वा भाग. ६ ला २०० ने गुणलं की हेक्टरी १,२०० किलो, १२ क्विंटल. एकरी ४.९ क्विंटल, म्हणजे तुझ्या मंडळासारखंच. आणि याच रांगेत १० किलोचा तुकडा एकरी सुमारे ८ क्विंटलचा आहे, ३.१ किलोचा एकरी अडीचचा. वडिलांसारखं शेत आणि काकांसारखं शेत, दोन्ही या सरासरीच्या पोटात आहेत. (तराजूची १०० ग्रॅमची चूकही २०० ने गुणली जाऊन हेक्टरी २० किलो होते, म्हणून काटा तपासून घ्यायचा.)

आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला की 'मध्यगा'. इथे पाचवा आणि सहावा यांच्या मधोमध, ५.७ किलो. ती सरासरीच्या जवळच आहे. पण जमीनधारणेसारख्या गोष्टीत फार फरक पडतो. पाच जणांची १, १, २, २ आणि २४ एकर जमीन असेल तर सरासरी ६ एकर येते, आणि ६ एकरवाला त्यात एकही नाही. मध्यगा २ एकर, ती गावाचं चित्र जास्त खरं सांगते.

आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत, हे मोजायला 'प्रमाण विचलन'. वरच्या दहा आकड्यांचं ते सुमारे २.०५ किलो येतं. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीची 'प्रमाण त्रुटी' मिळते: ०.६५ किलो, म्हणजे हेक्टरी १.३ क्विंटल. पुन्हा दुसरे दहा तुकडे निवडले असते तर सरासरी बरोबर १२ आली नसती, १०.७ किंवा १३.३ सहज येऊ शकली असती. ही चूक निम्मी करायची तर दहाचे वीस करून भागत नाही, चाळीस तुकडे लागतात, कारण भागाकार वर्गमुळाने होतो. मंडळात शेतं दोन हजार असोत की वीस हजार, त्याने या हिशेबात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. हजारो शेतांना दहा तुकडे कसे पुरतात, हा तुझा प्रश्न म्हणून थोडा बदलून विचारायला हवा. किती शेतांतून दहा, यापेक्षा त्या शेतांत आपापसात किती फरक आहे, हे विचार.

काकांचं दुखणं इथेच आहे. पीक विम्यात मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन सरासरी काढतात, तिला जोखीमस्तराने (त्या सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, त्या टक्केवारीने) गुणतात आणि 'उंबरठा उत्पादन' ठरवतात. समजा, पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १६ क्विंटल आणि जोखीमस्तर ७० टक्के, तर उंबरठा ११.२. मंडळाची सरासरी १२, म्हणजे उंबरठ्याच्या वर, म्हणून भरपाई नाही. सरासरी १० आली असती तर तूट ११.२ वजा १०, भागिले ११.२, म्हणजे विमा रकमेच्या जवळपास १०.७ टक्के मिळाले असते. आता नीट बघ. १२ आणि ११.२ यांत अंतर ०.८ क्विंटलचं, आणि आपली प्रमाण त्रुटी १.३ ची. दहा तुकड्यांच्या जोरावर मंडळ उंबरठ्याच्या वर होतं की खाली, हे खात्रीने सांगता येत नाही. कुणी खोटेपणा केलेला नसतानाही असं होतं. सरासरीशेजारी तिची त्रुटीही छापावी, असं मी नोकरीत असताना दरवर्षी मांडत आले आणि आजही माझं तेच म्हणणं आहे. दुसरी गोष्ट, मंडळाची सरासरी अचूक निघाली तरी ती मंडळाचीच असते. काकांच्या एकट्याच्या नुकसानीचं माप तिच्यातून मिळणार नाही.

आता तुझा प्रकल्प. तू स्वतः जाऊन गोळा करशील ती प्राथमिक सामग्री. दुसऱ्या कुणी दुसऱ्याच कामासाठी गोळा केलेली, जशी पीक पाहणी, जनगणना किंवा १९७०-७१ पासून होत आलेली कृषी गणना, ती दुय्यम. दुय्यम सामग्री आधी बघ, पण तिची व्याख्या वाचल्याशिवाय वापरू नकोस. सातबाऱ्यावरचा खातेदार आणि प्रत्यक्ष कसणारा एकच असतो असं नाही.

सुरुवात यादीपासून. देवळाच्या पारावर बसून ३० जणांना विचारलंस तर सोपं पडेल, पण दुपारी पारावर म्हातारे पुरुष भेटतील, शेतातल्या बाया भेटणार नाहीत. फोनवर फॉर्म पाठवलास तर फॉर्म भरणारेच भेटतील. तलाठ्याकडून खातेदारांची यादी मिळव. समजा, ४१२ नावं आहेत. ४१२ ला ३० ने भागलं की १३.७, त्यातले पूर्ण १३ धर. एक ते तेरापर्यंतच्या चिठ्ठ्या टाकून एक उचल, समजा ५ आली. मग ५, १८, ३१, ४४ असं दर तेरावं नाव. एकतीस-बत्तीस जण मिळतील. याला 'पद्धतशीर नमुना' म्हणतात. गावात बागायत आणि जिरायत यांत मोठी तफावत असेल तर आधी यादीचे दोन भाग कर आणि प्रत्येकातून वेगळी निवड कर, तो 'स्तरित नमुना'. यादीत मयत माणसं असतील, मुंबई-पुण्याला गेलेली असतील, आणि बटईने कसणारे नसतीलच. बटईदारांची वेगळी यादी गावात विचारून बनवावी लागेल. ज्याचं नाव यादीतच नाही त्याला कुठलीही चिठ्ठी शोधू शकत नाही. घर बंद असेल तर शेजारच्या घरात शिरू नकोस. पुन्हा जा, तिसऱ्यांदाही जा, आणि तरी भेट झाली नाही तर तसं लिहून ठेव.

प्रश्नावली लोकांच्या हातात देण्यापेक्षा स्वतः विचारून भर. आधी चार-पाच घरी प्रश्न विचारून बघ आणि मगच कायम कर. एका प्रश्नात एकच गोष्ट विचार. उत्पन्न आणि कर्ज हे चारचौघांत विचारू नकोस, सरपंच सोबत असताना तर नाहीच. "किती पिकलं?" असं विचारलं की "आठ-दहा पोती" असं उत्तर येतं. पोतं किती किलोचं, ते लगेच विचार. किती दिवसांपूर्वीचं विचारतो यानेही उत्तर बदलतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० मधल्या ५५ व्या फेरीत अन्नावरचा खर्च ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असा दोन्ही विचारला. त्यामुळे आधीच्या फेऱ्यांशी तुलनाच बिघडली, आणि देशातली गरिबी नेमकी किती घटली यावर अर्थतज्ज्ञांमध्ये कित्येक वर्षं वाद चालला. प्रश्नाचा साचा थोडा बदलला, तेवढ्याने एवढं झालं.

गावाची सरासरी काढताना एक चूक हमखास होते. वडिलांचं २ एकर, एकरी ८ क्विंटल. दुसऱ्याचं १० एकर, एकरी ४. सरळ सरासरी ६ येते. पण एकूण धान्य ५६ क्विंटल आणि क्षेत्र १२ एकर, म्हणून जमिनीची सरासरी ४.६७. शेतकऱ्यांबद्दल बोलायचं असेल तर पहिली, जमिनीबद्दल बोलायचं असेल तर दुसरी. सुरुवातीला समष्टीचा जो फरक सांगितला तो हाच. मंडळाच्या आकड्याशी तुलना करायची तर दुसरीच घे.

आणि पहिली मुलाखत घरातच घे. वडिलांचे ८ क्विंटल आले कुठून, ते विचार. आडतीतल्या पावतीवरून की पोती मोजून? एकर म्हणजे सातबाऱ्यावरचं, की बांध आणि विहिरीची जागा सोडून पेरलेलं? माल ओला होता का? १६ टक्के ओलाव्याचं ८ क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळवलं की ७ क्विंटल ६४ किलोच्या आसपास भरतं. काकांनाही हेच प्रश्न याच क्रमाने विचार आणि दोघांचे आकडे एकाच मापात आणून मला लिही. मंडळाशी तुलना आपण त्यानंतर करू.